कोंडलेलं मशीन

रविवार, ९ मार्च

चि. खटपट्यास,

तुझ्या वहिनीकडून पुष्कळ आशीर्वाद. हे पत्र हातात पडेल तेव्हा तुझी तब्येत ठणठणीत असो.

इकडे सगळं ठीक. अण्णांच्या हाताचा कंप वाढलाय, कप आता अर्धाच भरून द्यावा लागतो. जीभ मात्र पूर्वीइतकीच धारदार. तुझ्या दादाचे गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, आणि हा म्हणतो डॉक्टरच बदलू. छोटी शिकायला गेल्यापासून घर फार नीटनेटकं राहतं, आणि ते मला मुळीच आवडत नाही. बाल्कनीत टोमॅटो लावलेत. आठ रोपांना मिळून तीन टोमॅटो आले, त्यातला एक पाखरांनी खाल्ला.

हे सगळं तुला दादाच्या फोनवरून कळतच असेल. तुझा फोन आला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते, हे मात्र तो सांगत नसेल. पाण्याच्या आवाजात तुझा आवाज ऐकू येत नाही. साडेतीन वर्षं मी घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय.

मग आजच पत्र कशाला, असं तुला वाटेल. सांगते.

गेल्या रविवारी छोटी आली होती. तिला खोलीवर ठेवायला कॉम्प्युटर घ्यायचाय. जेवताना म्हणाली, "मी काकाला मेल करून विचारलं. त्याचं एवढं मोठं उत्तर आलंय, वाचू?" दादाने माझ्याकडे बघितलं. अण्णा जेवून आत पडले होते. मी म्हटलं, वाच.

तिने वाचलं. तू अगदी बोलतोस तसंच लिहिलं होतंस. "छोटे, तुझ्या खोलीला लहान डब्यासारखा कॉम्प्युटरच बरा. एका दिव्याएवढी वीज खातो, पंखा नाही म्हणून आवाज नाही, टेबलावर वहीएवढी जागा घेतो. लिहिणं, वाचणं, अभ्यास, सिनेमा बघणं, सगळं होईल. पण त्याच्याकडून पैलवानाचं काम मागू नकोस. मोठे खेळ, व्हिडिओ कापणं-जोडणं त्याला झेपणार नाही. पुढे काही वाढवायचं म्हटलंस तर वाढणार नाही, कारण सगळं एकाच बोर्डावर चिकटवलेलं असतं. म्हणूनच तो बिघडला की आतलं काढता येत नाही. कामाची प्रत दुसरीकडे ठेवायची. आणि त्याला श्वास घ्यायला जागा द्यायची, एवढं एकच पथ्य." इथे छोटी हसली आणि शेवटची ओळ वाचली. "बाकी काही अडलं तर वहिनीला विचार. ती वस्तू जपून वापरते."

छोटी म्हणाली, "आई, काकाला तुझं किती कौतुक आहे गं!"

मी उठले आणि नळ सोडला.

तेव्हापासून रोज हे पत्र लिहायला बसते आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय असं स्वतःला सांगून उठते. आज कुकरही झालाय, दादा दाढी करायला बाहेर गेलाय, अण्णा पेपर वाचताहेत. उठायला निमित्त नाही.

तरी सरळ मुद्द्यावर येववत नाही. आधीचं थोडं लिहिते.

मी या घरात आले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. पहिल्याच आठवड्यात तू माझी इस्त्री उघडून बसला होतास. "बिघडली नव्हती," मी म्हटलं. "म्हणूनच उघडली, चालू असताना कशी असते ते बघायला," तू म्हणालास. अण्णांनी तेव्हाच तुझं नाव खटपट्या ठेवलं. त्यांना वाटायचं, तू त्यांच्यासारखा लाकडात हात घालशील. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना सुतारकाम शिकवलं आणि घरचा मुलगा तारा सोलत बसलेला. तुमच्यात कुरबुर होतीच. ती मी लावली नाही. पण तिच्या आडोशाला मी उभी राहिले, हे खरं.

अण्णांनी पुस्तक सांगायला घेतलं तेव्हा तू किती धावपळ केलीस! लाकडाचे सांधे कसकसे करतात, कुठला सांधा कुठे टिकतो, जुने कारागीर त्याला काय म्हणायचे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि हात चालत नव्हता. ते सांगणार, मी टाइप करणार. पण आपल्या त्या जुन्या मोठ्या कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि अण्णांचा आवाज तर आधीच खोल गेलेला. दर वाक्याला मी "काय म्हणालात?" विचारायची आणि ते चिडायचे. चौथ्या दिवशी पुस्तक बंद.

मग तू तो लहान डबा घेऊन आलास. टेबलावर ठेवलास, चालू केलास आणि म्हणालास, "ऐका." आम्ही कान दिले. काहीच ऐकू आलं नाही. "हेच ऐकायचं होतं," तू म्हणालास. अण्णा त्या दिवशी हसले होते. तुझ्या कुठल्याही कामावर ते हसलेले मी तेवढंच पाहिलं.

तुला वाटतं का मी विसरले असेन, त्या दिवशी निघताना तू मला काय काय सांगितलंस? एकेक शब्द आठवतो. "वहिनी, याच्या पोटात पंखा नाही, म्हणजे याचं अंग हाच याचा पंखा. चारी बाजूंना दोन-दोन वीत जागा सोड. वर काही ठेवू नकोस. आणि शनिवारी सगळं या पेन ड्राइव्हवर उतरवून घे, कारण हा गेला तर आतलं मला काढता येणार नाही." मी म्हटलं, "अरे, मी काय लहान आहे का?"

दादा आला. आता इथेच थांबते.

मंगळवार, ११ मार्च

काल लिहिलं नाही. अण्णांना तपासायला नेलं होतं. विशेष काही नाही.

आज लिहायचं ते लिहूनच उठणार.

तो कॉम्प्युटर टेबलावर नव्हता, खटपट्या. अडीच महिने तो टेबलावर नव्हता.

दादाचे साहेब सहकुटुंब जेवायला यायचे होते. बाहेरच्या खोलीत टेबलावर तो काळा डबा, त्याच्या वायरी, पेन ड्राइव्ह. मला ते बरं दिसेना. टेबलाशेजारी भिंतीलगतच्या कपाटात पुस्तकांमागे जागा होती. मागच्या भोकातून वायरी काढल्या, डबा आत ठेवला, दार लावलं. बाहेर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. किती छान दिसलं! साहेबांच्या बायकोने विचारलंसुद्धा, "यांचा कॉम्प्युटर आहे कुठे?" मला फार भारी वाटलं.

पाहुणे गेले, डबा तिथेच राहिला. पुस्तकांची धूळ बसते म्हणून मी त्याला लोकरीचं कव्हर विणलं. पिवळं. चारी बाजूंनी बंद, खाली बटण. माझं तर ठरलेलंच, घरात कुठलीही वस्तू उघडी दिसायला नको. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, फोनला कव्हर. दादा म्हणायचा, मी जास्त वेळ एका जागी बसलो तर मलाही घालशील.

तुझं सांगणं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मी मनात म्हटलं, ही कॉम्प्युटरवाल्यांची सवयच असते, सगळं वाढवून सांगायची.

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं. दुपारी तीन वाजता अण्णा सांगायला बसायचे, मी टाइप करायची. अक्षरं उशिरा उमटायला लागली. मी एक ओळ टाइप करून थांबायची, मग ती हळूहळू स्क्रीनवर यायची. अण्णा म्हणाले, "हे माझ्यासारखंच झालंय." मी एकदा कपाटात हात घातला. कव्हरवरूनसुद्धा चटका बसला. नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखा.

आणि मी दार लावून घेतलं.

हे का केलं, याचं उत्तर मी साडेतीन वर्षं शोधतेय. बाहेर काढलं असतं तर चूक झाली होती असं झालं असतं, एवढंच असेल. कोणाला? मला एकटीलाच. घरात दुसरं कोणी बघतही नव्हतं.

पेन ड्राइव्हचंही सांगून टाकते. पहिले दोन शनिवार मी नेमाने प्रत घेतली. पुढे म्हटलं, दोन आठवड्यांचं एकदम घेऊ. मग महिन्याचं. अण्णांनी अकरा महिने सांगितलं, त्यातले पहिले पंधरा दिवस पेन ड्राइव्हवर होते.

त्या दिवशी अण्णा उंबरठ्याच्या सांध्याबद्दल सांगत होते. वाक्याच्या मध्येच स्क्रीन काळा झाला. कपाटातून करपल्यासारखा वास आला. अण्णांना म्हटलं, वीज गेली वाटतं, तुम्ही जरा पडा. ते आत गेले. मी डबा काढला. कव्हर काढून कपड्यांच्या टोपलीत तळाशी घातलं. डबा टेबलावर ठेवला. आणि ऐक, खटपट्या, मी हाताने वीत मोजून त्याच्या चारी बाजूंना दोन-दोन विती जागा सोडली. तू सांगितली होतीस तेवढीच. मग तो गार होईपर्यंत वाट पाहिली आणि तुला फोन केला.

चूक होते माणसाच्या हातून. पण ती वीत मी मोजली. ती चूक नव्हती.

तू संध्याकाळी तुझ्या दुरुस्तीच्या दुकानातून तसाच आलास. विचारलंस, "वहिनी, इथेच होता ना?" मी म्हटलं, "हो, इथेच." दादा होता, अण्णा खुर्चीत होते. तू स्क्रू काढलेस. चिमट्याने डब्याच्या हवेच्या फटींमध्ये काहीतरी धरलंस आणि ओढलंस. बोटभर पिवळा दोरा निघाला. तू तो उजेडात धरलास. मग माझ्याकडे बघितलंस.

मला वाटलं, आता हा बोलणार. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखंही वाटलं होतं.

तू दोरा शर्टच्या खिशात घातलास आणि म्हणालास, "आतली साठवण तापून गेली. बोर्डालाच जोडलेली असते, काढता येत नाही. अण्णा, मला माफ करा."

पुढे अण्णा जे बोलले ते मी इथे लिहिणार नव्हते. पण मी ते उभी राहून ऐकलं, तर लिहायलाही हवं. "खेळणं आणून दिलंस मला. माझं उरलंसुरलं डोकं मी त्यात ओतलं आणि तू मला खेळणं दिलंस. तुझ्या हातून आजवर एक गोष्ट धड झालेली नाही. हत्यारं खाली ठेव. माझ्या घरात परत ती घेऊन यायचं नाही."

दादा म्हणाला, "अण्णा, अहो, मशीन आहे, जातं कधीतरी." मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "जाऊ द्या अण्णा, त्याने मुद्दाम का केलंय?"

मी तुझी बाजू घेतली! तुझ्यावर टाकलेल्या गुन्ह्याची माफी मी तुझ्यासाठी मागितली. त्यानंतर नातेवाइकांत सगळे म्हणायचे, वहिनी म्हणून इतकी चांगली, की दिराला एक शब्द बोलली नाही.

दोन महिन्यांत तू दुकान बंद केलंस. दादाने सांगितलं, लिफ्टच्या कंपनीत नोकरी धरली, लांब आहे, पण बरं चाललंय. मी म्हटलं, बरं झालं, नोकरी म्हणजे ठरलेलं असतं सगळं. तुझ्या हातातून मी तुझं काम काढून घेतलं आणि वर बरं झालं म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च

वरचं पत्र परवाच पाकिटात घालणार होते. घातलं नाही. तुला एकट्याला सांगून मी मोकळी झाले असते आणि या घरात तू तसाच राहिला असतास. पुन्हा तुझ्याच गप्प बसण्यावर माझं भागलं असतं.

बुधवारी दुपारी अण्णांच्या समोर बसले आणि सांगितलं. कपाट, कव्हर, वीत, सगळं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी पेपरची घडी घातली. हात थरथरत होता, म्हणून बराच वेळ लागला.

"दोरा त्याने पाहिला?"

"हो."

"मी बोलायच्या आधी?"

"आधी."

"आणि मी बोलत होतो तेव्हा तो दोरा त्याच्या खिशात होता?"

मी मान हलवली. ते म्हणाले, "तू जा आता."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. काल सकाळी चहा नेला तर म्हणाले, ठेव तिथे. प्यायले नाहीत. दादालाही सांगितलं. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आत आल्यावर एवढंच म्हणाला, "साडेतीन वर्षं मी माझ्या भावाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मला वाटायचं, त्याला लाज वाटत असेल म्हणून बोलत नाही." तेव्हापासून तो माझ्याशी लागेल तेवढंच बोलतो. मला तक्रार नाही.

छोटीला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकाचं नाव निघालं की तू उठून जायचीस. मला वाटायचं त्याने तुझं काहीतरी वाईट केलंय. मी त्याला मेल करायची ते तुझ्यापासून लपवून करायची, आई." पोरीच्या मनातसुद्धा मी तुला असा उभा केला होता, एक शब्द न बोलता.

आज सकाळी अण्णांनी हाक मारली. मला वाटलं, तुझ्यासाठी काही सांगायचं असेल, म्हणून मी कागद घेऊन गेले. म्हटलं, "सांगा, लिहिते." ते म्हणाले, "तुझ्या पत्रात माझं काही घालू नकोस. तुझ्या चुकीमागे मला लपायचं नाही. मशीन तू कोंडलंस. त्याला हत्यारं खाली ठेव म्हणणारा मी होतो. मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही की बाबा, नक्की काय झालं. पोरांना शिकवताना एखादा सांधा तुटला तर मी आधी लाकूड बघायचो. स्वतःच्या पोराच्या वेळी बघितलं नाही."

मग त्यांनी पेन्सिल मागितली. कागदाखाली पाट धरला, डाव्या हाताने उजवं मनगट दाबलं आणि लिहायला लागले. नऊ वाजता बसले ते साडेअकराला उठले. मी दारातून पाहिलं, तर पेन्सिल तीनदा खाली पडली आणि त्यांनी तीनदा स्वतः वाकून उचलली. मला जवळ येऊ दिलं नाही. दादाने घडी घालून चिकटवून दिलं. ते या पाकिटात आहे. काय लिहिलंय मला माहीत नाही आणि तू सांगूही नकोस. अक्षर लागायला वेळ लागेल, तर सावकाश वाच.

तू दोरा खिशात का घातलास, हे मी कित्येकदा स्वतःला विचारलं. मला वाचवायला? की अण्णांना आणखी एक धक्का नको म्हणून? की तुला वाटलं, वहिनी स्वतःच सांगेल, तिला वेळ देऊ? हे शेवटचं असेल तर तू मला साडेतीन वर्षं वेळ दिलास, आणि तो सगळा मी घेतला.

ये, असं मी लिहिणार नाही. तू यावंस असं अण्णांना वाटत असेल तर ते त्यांनी लिहिलं असेल, आणि दादा तर फोनवर सांगेलच. मला ते म्हणायचा अधिकार राहिलेला नाही. माफ कर, हेही लिहिणार नाही. तू लगेच करशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग मला पुन्हा सगळं फुकटात मिळेल. एवढंच कर, रागावायचं असेल तर मनसोक्त रागाव. गप्प राहू नकोस. माझ्यासाठी तू पुरेसा गप्प राहिलास.

आणि पुढच्या वेळी तुझा फोन आला की मी बाहेरच्या खोलीतच बसेन. दादाने फोन माझ्याकडे दिला आणि तुला बोलावंसं वाटलं नाही, तर ठेवून दे. मी कोणाला काही वेगळं सांगणार नाही. "त्याने ठेवला," असंच सांगेन.

पत्र संपवताना "तुझी" लिहायला घेतलं होतं. हात धजला नाही. ते तू म्हणशील तेव्हा. तोवर नुसतीच,

वहिनी